अकरा चाळीसची पावती

बस वळणावर दिसली तेव्हा आत्या अजून अंगणात चपला शोधत होती. मी धावत रस्त्यावर गेले आणि हात वर केला. दुसऱ्या हाताखाली गोधडीत गुंडाळलेली बंदूक होती. नळीचं टोक गोधडीतून वीतभर बाहेर आलेलं होतं, हे मला नंतर कळलं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"काय गो बाये, लुटतंस काय आमका?" कंडक्टर दारातून ओरडला.

"माझी आत्या येतेय. एक मिनिट थांबा."

"थांबतंय. ती नळी तेवढी तिकडे कर. भरलेली नाय मा?"

"नाही. रिकामी आहे. मी दोनदा तपासलीय."

"दोनदा तपासल्यान म्हणे," तो आतल्या लोकांना म्हणाला. बस हसली.

आत्या आली ती शेवटी अनवाणीच. बसल्या बसल्या तिने बंदूक माझ्याकडून घेऊन मांडीवर आडवी ठेवली आणि गोधडी नीट केली.

"तीनच्या बशीन गेलंव असतंव तर चपलो गावल्यो असत्यो," ती म्हणाली.

"तीनची बस चार दिवसांतून एक दिवस येत नाही. मी गेले बावीस दिवस बघतेय."

"तू बशी पण मोजतंस?"

मी मोजत होते. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, कोल्हापूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीत आत्याकडे आडवण्याला आले होते. द्वारकाआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. यजमान गेल्यावर बाग, शेत आणि बंदूक तिच्या नावावर झाली. बंदूक ठासणीची, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची. आत्याने तिच्यात शिसं कधी घातलंच नाही. चिमूटभर दारू आणि वर नारळाचा काथ्या ठासायचा आणि दिवस मावळताना व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दिशेने एक बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. त्या आवाजाने रानडुकरं रात्रभर पलीकडच्या काठाला राहायची. व्हाळालगत तिचा भाताचा तुकडा होता, तिकडे त्याला कुणगा म्हणतात. वर्षाचा तांदूळ त्यातूनच यायचा.

मी बांबूच्या काटक्यांची एक मीटर लांबीरुंदीची चौकट करून कुणग्यात वीस ठिकाणी ठेवली होती आणि आतली भाताची मोडलेली चुडं, म्हणजे रोपांचे झुबके, मोजली होती. नुकसान सहा टक्के. शेजारच्या, बंदूक नसलेल्या शेतात तेहतीस.

त्या वर्षी विधानसभेची निवडणूक ऐन ऑक्टोबरात आली. जिल्ह्यातल्या सगळ्या परवानाधारकांनी आपापली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावीत, असा आदेश निघाला. दर निवडणुकीला निघतो. पण या वेळी भात पोटरीत होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. आत्याने मला विचारलं, "डुकरांक मतदान आसा काय?" मी हसले नाही. मी तालुक्याला जाऊन केळुसकर वकिलांना विचारलं की ज्यांच्यावर एकही गुन्हा नाही, अशा सगळ्यांची शस्त्रं सरसकट जमा करून घेणं कायद्यात बसतं का.

केळुसकर साठीचे, सडसडीत, कोटाच्या खिशात कायम सुपारी. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तीस वर्षं मी वाट बघतोय," ते म्हणाले, "कोणीतरी हे विचारण्याची."

त्यांच्या जावयाने मुंबईला उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. अर्जदार क्रमांक एक, द्वारका तवटे. अर्जदार क्रमांक दोन, दाजी धुरी. दाजी व्हाळाच्या वरच्या अंगाला राहायचे. एकट्या बाईच्या नावाने केस बरी दिसत नाही असं म्हणत त्यांनी सही केली होती. न वाचता.

सुनावणी होती ती याच दिवशी. आणि शस्त्र जमा करण्याची मुदतही याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत.

केळुसकरांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "घाई करू नका. दुपारपर्यंत काहीतरी कळेल. नाही कळलं तर तीनच्या बसने या."

मी आत्याला म्हटलं होतं, "कायद्याशी भांडायचं तर आधी कायदा पाळलेला बरा. कोर्टात आपली बाजू स्वच्छ दिसते."

"दाजी खंय येता?"

"दाजी तीनच्या बसने येणार आहेत."

"मगे आपण पण..."

"आत्या, तीनची बस आली नाही तर?"

आत्याने माझ्याकडे बघितलं आणि वाद सोडून दिला. शिकलेल्या माणसांवर तिचा विश्वास होता. एवढी एकच चूक मी तिच्याकडून झालेली पाहिली.

ठाण्यात हवालदार पेडणेकर होते. तिशीचे, शांत, अक्षर सुरेख. त्यांनी बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघितला, चिठ्ठी बांधली, आणि छापील पावतीवर नाव, गाव, तारीख लिहून पावती फाडायला घेतली.

"वेळ राहिली," मी म्हणाले.

"वेळेचो रकानो नाय, मॅडम."

"तारखेच्या बाजूला लिहा. आज दुसरंही काही होऊ शकतं. नोंद अचूक असलेली बरी."

पेडणेकरांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग माझ्या मनगटावरचं बघितलं, कारण भिंतीवरचं बंद होतं. "अकरा चाळीस?"

"अकरा एकोणचाळीस."

"चाळीस लिवतंय," ते म्हणाले. "तोपर्यंत होतले." आणि सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं, स. ११.४०. खाली सही, गोल शिक्का.

केळुसकरांची कचेरी ठाण्यापासून पाच मिनिटांवर. आम्ही बाकावर बसलो. आत्याने त्यांच्या नळावर पाय धुतले. साडेबाराला फोन वाजला. केळुसकरांनी ऐकलं, 'हं' म्हणाले, पुन्हा 'हं' म्हणाले, आणि रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी लहान झाला होता.

"जैसे थे मिळालं!"

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"म्हणजे, द्वारकाबाई, कोर्टाने तुमचा अर्ज दाखल करून घेतला. आणि निकाल लागेपर्यंत अर्जदारांच्या शस्त्रांबाबत आज जी स्थिती आहे ती तशीच ठेवायची. जैसे थे! कलेक्टर नाही, पोलीस नाही, तुमच्या बंदुकीला कोणी हात लावू शकत नाही."

"असा?" आत्या हसली. "मगे ती आसा थयच रवतली?"

"जिथे आहे तिथेच!"

आत्या हसायची थांबली. केळुसकरांना कळायला आणखी दोन-तीन सेकंद लागले असावेत. त्यांनी बाकाखाली बघितलं. तिथे नुसती गोधडी होती, घडी घातलेली.

"बंदूक कुठाय?"

"जमा केली," मी म्हणाले.

"कधी?"

मी पावती पुढे केली. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली. मग रिसीव्हरमध्ये विचारलं, "आदेश किती वाजता झाला?" ऐकलं. "नक्की?" ऐकलं. रिसीव्हर ठेवला.

"बारा वाजून पाच."

 बाहेर एक रिक्षा प्रचाराच्या घोषणा देत गेली.

"पंचवीस मिनिटं," केळुसकर म्हणाले. "मी म्हणू शकलो असतो की बंदूक आदेशानंतर जमा झाली, म्हणून ती परत द्या. पावतीवर नुसती तारीख असते. कधीच वेळ नसते. तीस वर्षांत मी पावतीवर वेळ बघितलेली नाही." त्यांनी पावती उजेडात धरली. "ही वेळ लिहायला कोणी सांगितली?"

आत्या पटकन म्हणाली, "त्या हवालदारान स्वतःच लिवल्यान. अक्षर बरा आसा त्याचा."

आम्ही तसेच ठाण्यात परत गेलो. पेडणेकरांनी केळुसकरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "साहेब, कोर्टान सांगल्यान हां की आसा तसा ठेवा. आता मी ती बंदूक कपाटातून काढलंय तर माजो अवमान होतलो."

"तुमचा नाही. कोर्टाचा," केळुसकर म्हणाले.

"मगे तर हात लावूचोच नाय."

त्या दिवशी दाजी धुरी तीनच्या बसने आलेच नाहीत. बस वेळेवर आली होती. दाजींना झोप लागली होती. संध्याकाळी पाचला ते कायद्याने गुन्हेगार ठरले असते, पण बारा वाजून पाच मिनिटांनी त्यांची बंदूक त्यांच्या माजघरात खुंटीला होती. कोर्टाच्या आदेशाने ती तिथेच राहणं आता बंधनकारक होतं.

"वैजूबाय," ते मला म्हणाले, "तुझ्या घड्याळान घात केल्यान. माझ्याकडे घड्याळच नाय."

निवडणूक झाली, निकाल लागले. तालुक्यातल्या बाकीच्या सगळ्यांना आठवड्याभरात आपापल्या बंदुका परत मिळाल्या. ज्यांनी आदेशाविरुद्ध एक शब्द काढला नव्हता, त्यांची शस्त्रं दिवाळीआधी घरी होती. आत्याची बंदूक मात्र परत देता येत नव्हती. तिच्या बाजूने आदेश होता.

केळुसकरांनी आदेशाचं स्पष्टीकरण मागणारा अर्ज टाकला. तो अर्ज मूळ रिटबरोबर ऐकायचं ठरलं. मूळ रिट बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, यायची. कधी वेळ संपायचा, कधी सरकारी वकील मुदत मागायचे, कधी खंडपीठ बदलायचं. केळुसकर दर वेळी सांगायचे, "बोर्डावर आलं होतं, पोचलं नाही."

त्या पहिल्या ऑक्टोबरात डुकरं तिसऱ्या दिवशी व्हाळ उतरून आली. दाजी आत्याच्या अंगणात येऊन म्हणाले, "माजी बंदूक आसा नी. मी तुझ्या कुणग्यार पण एक बार काढीन. दोन पावलांचो प्रश्न."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी दाजींचा परवाना मागवून वाचला. "यात तुमचा सर्व्हे नंबर दिलाय. छप्पन्न हिस्सा दोन. आत्याचा कुणगा त्रेसष्टमध्ये येतो. तिथे बार काढला तर परवान्याचा भंग होईल. सरकारी वकिलाला कळलं तर आपली केसच जाईल."

"आवाजाक सर्व्हे नंबर असता?" दाजींनी विचारलं.

"बार कुठे उभं राहून काढला याला असतो."

दाजींनी परवाना घडी घालून खिशात ठेवला. "कोल्हापुराक असाच शिकवतत?" एवढंच म्हणाले आणि गेले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

मी दर ऑक्टोबरला सुट्टी काढून यायचे आणि चौकट ठेवायचे. एकतीस टक्के. चौतीस. पस्तीस. एकेचाळीस. आकडे केळुसकरांमार्फत मुंबईला जायचे. माझी पीएच.डी. झाली, सांगलीला कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं. सातव्या वर्षी आत्याने कुणग्यात पेरणं सोडलं. "डुकरांक घालण्यापेक्षा रेशनचो तांदूळ बरो," म्हणाली. त्या वर्षीही मी गेले. चौकट घेऊन पडीक जमिनीत उभी राहिले आणि वहीत लिहिलं, पीक नाही, नुकसान शून्य.

ते 'नुकसान शून्य' पुढच्या वर्षी सरकारच्या प्रतिज्ञापत्रात सापडलं. 'अर्जदाराने स्वतः सादर केलेल्या शास्त्रीय आकडेवारीनुसार, शस्त्र जमा असताना पिकाचे नुकसान एकतीस टक्क्यांवरून शून्यावर आले आहे.'

"तुझी वही त्यांनी मन लावून वाचली," केळुसकर म्हणाले. "आपल्या न्यायमूर्तींनी वाचली असती तर बरं झालं असतं."

बंदुकीची हालहवाल अधूनमधून कळायची. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा होते. पेडणेकर दर वर्षी तिच्यावरही झेंडू वाहायचे आणि तिला तेल लावायचे. खोबरेल. लोखंडाला खोबरेल लावू नये, ते साठून चिकट होतं, असं मी त्यांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, सरकारी तेल नाय. घरच्या नारळाचा आसा." दर तीन वर्षांनी आत्या बंदुकीऐवजी पावती दाखवून परवान्याचं नूतनीकरण करून घ्यायची. पावती घड्यांवर फाटली तेव्हा मी ती प्लास्टिकमध्ये घातली. मध्ये लोकसभा झाली, पंचायत झाली. प्रत्येक वेळी शस्त्र जमा करणाऱ्यांच्या यादीत आत्याचं नाव पहिलं असायचं. एकदा तिला तत्पर सहकार्याबद्दल आभाराचं पत्रही आलं.

साडेनऊ वर्षांनी निकाल लागला. आम्ही जिंकलो.

सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घेणं बेकायदेशीर आहे, असं कोर्टाने म्हटलं. यापुढे छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा आणि ज्यांच्याबाबत ठोस कारण असेल त्यांनाच जमा करायला सांगावं. केळुसकरांनी निकालाची प्रत कचेरीत उभं राहून मोठ्याने वाचली. आत्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण स्वतःचं नाव आलं की ती मान हलवायची.

पेडणेकरांच्या शर्टावर आता बिल्ले वाढले होते. त्यांनी कपाट उघडून बंदूक दोन्ही हातांनी आत्याकडे दिली. तिला खोबरेलाचा वास येत होता. आत्याने ती एखाद्या माहेरवाशिणीसारखी उलटसुलट करून बघितली.

"बारीक झाली काय गो?" तिने मला विचारलं.

"लोखंड बारीक होत नाही, आत्या."

"मगे मीच झालंय असतलंय."

जूनमध्ये एकोणसत्तराव्या वर्षी तिने कुणगा पुन्हा लावला. व्हाळाकडचा बांध नव्याने घातला. मी सांगलीहून गेले तेव्हा चिखलाच्या पायांनी अंगणात आली आणि म्हणाली, "ह्या वर्षी चौकट नको हाडू. नदर लागता."

ऑगस्टअखेर समितीने सगळ्या परवानाधारकांकडून एक पानाचा फॉर्म भरून मागितला. ऑक्टोबरात पुन्हा विधानसभा होती. आत्या आणि मी ठाण्यात गेलो. दाजी धुरी आमच्या पुढे होते. त्यांनी नाव आणि नंबर लिहिला, बाकीच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढली, शेवटी 'नाय' लिहिलं आणि चहा प्यायला गेले.

मी आत्याचा फॉर्म घेऊन बसले. नवव्या रकान्यात विचारलं होतं, 'न्यायालयीन प्रकरण आहे/होते काय? असल्यास क्रमांक.'

"ता सोडा, मॅडम," पेडणेकर म्हणाले. "ता मारामारी, दंगल, त्यांच्यासाठी."

"तसं लिहिलेलं नाही. 'न्यायालयीन प्रकरण' एवढंच आहे."

"अर्थ तोच."

"अर्थ तोच असता तर 'फौजदारी' हा शब्द असता."

पेडणेकरांनी आत्याकडे बघितलं. बहुधा त्यांना दहा वर्षांपूर्वीचं घड्याळ आठवलं असावं. पण आत्याची मान ताठ झाली होती.

"लिव गो तू. जिंकलंव ती केस. लपवूची कित्याक?"

मी लिहिलं, होय. पुढे रिट अर्जाचा क्रमांक आणि वर्ष.

सप्टेंबरच्या शेवटी यादी लागली. केळुसकरांनी फोन करून मला आणि आत्याला बोलावून घेतलं. यादी लांब असेल असं वाटलं होतं. एकच कागद होता. 'तालुक्यातील एकूण परवानाधारक : २१४. छाननीअंती शस्त्र जमा करणे आवश्यक : १.' खाली नाव, गाव आणि कारणाच्या रकान्यात, 'न्यायालयीन पार्श्वभूमी.'

दोनशे तेरा बंदुका घरी राहणार होत्या, त्या द्वारका तवटेंनी घातलेल्या केसमुळे. दाजी धुरींचीही.

"वैजयंती," केळुसकर म्हणाले. ते आता सत्तरीचे होते, सुपारी दातांना झेपत नव्हती, नुसती गालात धरायचे. त्यांच्या डोळ्यांत मात्र तेच जुनं काहीतरी चमकत होतं. "हा मुद्दा सुंदर आहे. नागरिकाने कोर्टात जाणं हेच त्याच्याविरुद्ध कारण! याला आव्हान देता येईल. मी मसुदा करतो."

"किती वर्षां?" आत्याने विचारलं.

"आता सगळं संगणकावर आलंय, द्वारकाबाई. लवकर होतं. सात... फार तर आठ."

आत्याने बोटांवर काहीतरी केलं. "आणि केस नाय घातलंय तर?"

"नाही घातली तर..." केळुसकर थांबले. "तर निवडणूक झाल्यावर आठवड्याभरात परत मिळेल."

"मगे नको," आत्या म्हणाली. "तुमका वायट वाटू नये. पण माका भात कापूचा आसा."

जमा करण्याच्या दिवशी आम्ही वेळेच्या आधी रस्त्यावर आलो. आत्याच्या पायात नव्या चपला होत्या. बंदूक त्याच गोधडीत. कुणग्यात भात पोटरीतून बाहेर पडलं होतं. चौकट न ठेवताही दिसत होतं की पीक चांगलं आहे. यंदा डुकरांनी त्याला अजून तोंड लावलं नव्हतं. आज पहिली रात्र असणार होती.

दाजी धुरी वरून उतरून आले.  खाली बघत, माझ्याकडे अजिबात न बघता, आत्याला म्हणाले, "दिस बुडताना एक बार माज्या शेतात काढतंय. दुसरो तुझ्या कुणग्यात."

 आत्या माझ्याकडे वळली नाही, पण वाट बघत होती. छप्पन्न हिस्सा दोन. त्रेसष्ट. दोन्ही आकडे मला पाठ होते.

"व्हाळाच्या बाजूला तोंड करून काढा, दाजी," मी म्हणाले. "आवाज पलीकडे जायला हवा."

दाजींनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. "सर्व्हे नंबर?"

"आवाजाला नसतो."

ते गेले. वळणावर बस दिसली. मी हातातल्या घड्याळाकडे बघितलं, दहा बत्तीस. मुदत पाचपर्यंत होती. मुंबईला कुठल्याही न्यायालयात आमचं काहीही चालू नव्हतं, कुठलाही आदेश कुठूनही येणार नव्हता. हे मला नीट माहीत होतं. तरी मी हात वर केला नाही.

बस जवळ आली. आत्याने एकदा माझ्याकडे, एकदा बसकडे बघितलं.

"तीनच्या बसने जाऊया," मी म्हणाले.

"आणि ती नाय इली तर?"

"नाही आली तर नाही आली."

आत्याने गोधडी माझ्या हातात दिली, दोन पावलं रस्त्यात पुढे गेली आणि हात वर केला.

"अगो, उशीर झालो तर तो पण तू फॉर्मात लिवतलंस," ती म्हणाली. "चल."